मागे कोणी घ्यायचं

गावाला जायचा रस्ता एकच, आणि तोही असा की दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावंच लागतं. दोन्ही बाजूंना छातीएवढ्या दगडी भिंती, भिंतींवर काटेरी झुडपं, आणि मधे एका गाडीपुरती डांबराची पट्टी. गावातले लोक त्याला नळी म्हणतात. गावापासून निघालेली नळी टेकडी उतरत उतरत खाली हमरस्त्याला मिळते, आणि या अख्ख्या नळीत भिंत जरा आत सरकलीय ती दोनच ठिकाणी. एक वरचं पोट, एक खालचं पोट. पोटात गाडी घातली की दुसरीला वाट मिळते.

रीत अशी, की ज्याला पोट जवळ त्याने मागे घ्यायचं. गाडी कोणाची, घाई कोणाला, वयाने मोठा कोण, काही म्हणजे काही बघायचं नाही. हॉर्न वाजवायचा नाही. शेजारून जाताना स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायची आणि चालू लागायचं. हे कुठे लिहिलेलं नाही, कोणी कोणाला शिकवलेलंही नाही. दूधवाले काका आणि त्यांचा मेहुणा यांचं एका वासरावरून असं फाटलं होतं की दोघं एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावत नव्हते. काकूंना सख्ख्या भावाशी बोलायचं तर विहिरीवर गाठायला लागायचं. पण नळीत काकांची दुधाची गाडी आणि मेहुण्याचा ट्रॅक्टर समोरासमोर आले, की ज्याला पोट जवळ तो मुकाट मागे जायचा. बोटंही उचलली जायची. तोंडं तेवढी दोघांची दोन भिंतींकडे.

काका तसे भारी फटकळ. डोक्यात राख घालून घ्यायला त्यांना निमित्तही लागायचं नाही. चहा गार झाला म्हणून चिडायचे, आणि गरम आणून दिला की जीभ भाजली म्हणून चिडायचे. मऊ व्हायचे ते फक्त गाईंपाशी. दहाबारा गाई, त्यातली चांदी नावाची एक म्हातारी होत आलेली, पांढऱ्या कपाळाची, काकूंच्या पदराला तोंड पुसणारी. गाई चरायच्या गावाच्या डोक्यावरच्या माळावर. माळ काकांचा नव्हता. त्यांच्या वडिलांपासून तो खंडाने घेतलेला. मालक म्हातारा होता तोवर प्रश्न आला नाही. म्हातारा गेला, पोरगा शहरात राहणारा, त्याला माळ म्हणजे काय ते फोटोत बघून ठाऊक. त्याने तो एका बिल्डरच्या घशात घातला.

हे काकांना कळलं कसं, तर फलकावरून! हमरस्त्यावर, नळीच्या तोंडाशी, एका सकाळी घराएवढा फलक उभा. 'सहाशे कुटुंबांचं स्वप्न, निसर्गाच्या कुशीत.' खाली हिरवागार माळ, आणि माळावर चरणारी पांढऱ्या कपाळाची गाय.

"अगं, ही आपली चांदी!" काका गाडीतून उतरून ओरडले.

काकू शेजारी बसल्या होत्या. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "चांदीच की. कान बघा ना, तो फाटका."

"हिलाच हाकलणार, आणि हिचाच फोटो लावणार? काय निर्लज्ज माणसं आहेत!"

त्या दिवशी दूध डेअरीत पोचेपर्यंत काकांनी बिल्डरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण शिव्यांनी माळ काही परत मिळणार नव्हता. जवळपास दुसरं चराऊ रान नव्हतं. विकतचा चारा घालून गाई पाळायच्या म्हणजे दूध काढून गाईंनाच पाजण्यातला प्रकार. माळ गेला की गाई गेल्या. आणि गाई गेल्यावर पहाटे उठून करायचं काय, हे काकांना खरंच कळत नव्हतं. त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलेलंच नव्हतं.

गाव मात्र पेटलं. कधी नाही ते सगळे शाळेत जमले. पुढारपण आपसूकच मास्तरीणबाईंकडे आलं. बाई गावच्या नव्हत्या, पण इतकी वर्षं इथे शिकवत होत्या की निम्म्या गावाने त्यांच्या हातचे फटके खाल्ले होते. त्यांनी सरकारी कचेरीत हरकती पाठवल्या. पाणी पुरणार नाही म्हटलं, तर उत्तर आलं की टँकर येतील. झाडं जातील म्हटलं, तर उत्तर आलं की दुप्पट लावू. पक्षी जातील म्हटलं, त्याला उत्तरच आलं नाही.

"आता आपल्या हातात एकच मुद्दा उरलाय," बाई म्हणाल्या. "रस्ता. नळी रुंद करता येत नाही, कारण दोन्हीकडच्या भिंतींमागे लोकांची घरं आणि विहिरी आहेत. सहाशे घरांच्या गाड्या या नळीतून जाऊ शकत नाहीत, हे कचेरीतल्या साहेबांना पटलं तर मंजुरी मिळणार नाही. साहेब स्वतः पाहणीला येणार आहेत. एकदाच."

"मग पटवू की!" काका उठून उभे राहिले. "सकाळी आपल्या गाड्या असतातच. त्या दिवशी सगळ्यांनी एकाच वेळी निघायचं. खालून साहेब आले की वरून मी समोर उभा. माझ्यामागे ट्रॅक्टर, त्याच्यामागे आमचा वायरमन. साहेबाच्या मागे शाळेची गाडी, पाववाल्याची गाडी. आणि कोणी मागे घ्यायचं नाही. बसू दे घाम गाळत. तासभर कोंडला ना नळीत, की सहाशे घरांचं भूत आपोआप उतरेल!"

"हे खोटं नाही का होणार?" बाईंनी विचारलं.

"खोटं कसलं? उद्या जे रोज होणार आहे, ते आज एकदा दाखवायचं."

बाईंना ते फारसं रुचलं नाही, पण दुसरा उपाय कोणाकडेच नव्हता. मेहुणा कोपऱ्यात बसला होता. त्याने काकांकडे न बघता भिंतीला सांगितलं, "ट्रॅक्टर येईल." एवढ्या वर्षांतलं ते पहिलं बोलणं. काकूंनी पदराने डोळे टिपले.

मग काय, काकांनी सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडायचा सपाटाच लावला. भेटेल त्याला तेच. "लक्षात आहे ना? मागे घ्यायचं नाही." वायरमन त्यांचा पुतण्या, स्वभावाने गरीब, कोणी डोळे वटारले की विरघळणारा. त्याला तर काका झोपू देईनात. "तूच कच खाणार बघ. साहेबाने नुसता हात दाखवला की तू सरळ घरी जाशील. गाडी बंद करायची, किल्ली खिशात टाकायची, समजलं?"

"समजलं काका."

"पाववाल्याला पण सांग. तो एक नंबरचा भित्रा."

पाहणीचा दिवस आला. काका गाडी घेऊन नळीच्या वरच्या, गावाकडच्या तोंडाशी थांबले. गाडीत दुधाचे कॅन होते, शेजारी काकू, मागे ट्रॅक्टर, त्याच्यामागे वायरमनची व्हॅन. खालून बाईंचा फोन आला. त्या साहेबांच्या गाडीमागे शाळेच्या गाडीत बसल्या होत्या. "शिरले नळीत. निघा."

काका निघाले. वळणं उतरले, वरचं पोट ओलांडलं, आणि थोडं पुढे गेले तोच समोरून साहेबांची पांढरी गाडी आली. खालचं पोट तिच्यामागे कुठल्या कुठे राहिलं होतं. वरचं पोट मात्र काकांच्या पाठीला अगदी लागून.

आणि इथेच घात झाला.

काकांनी काही ठरवलं नाही हो. ठरवायला वेळच झाला नाही. समोर गाडी दिसली, पाठीशी पोट आहे हे अंगाला कळलं, हात गिअरवर गेला, मान मागे वळली, आणि गाडी अलगद मागे जाऊ लागली. काकांचे मागचे दिवे लागलेले बघून मेहुण्याने ट्रॅक्टर मागे घेतला, तो थेट पोटात. ट्रॅक्टर हललेला बघून वायरमन गावाच्या तोंडापर्यंत मागे गेला. काकांनी भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून गाडी ट्रॅक्टरच्या पुढे बसवली. कसं छान झालं म्हणून सांगू! लोण्यातून सुरी फिरावी तसं झालं. साहेबांच्या गाडीला ब्रेकसुद्धा लावावा लागला नाही. ती शेजारून गेली तेव्हा काकांनी स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली.

बोटं उचलली, आणि मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "तुम्ही मागे घेतली."

काका आपल्या हाताकडे बघत राहिले. मागे ट्रॅक्टरवर मेहुण्याने कपाळाला हात लावला होता. शाळेची गाडी शेजारून गेली. खिडकीतून बाईंनी काकांकडे पाहिलं, आणि ते पाहणं काकांना जन्मभर पुरलं.

साहेब वर गावात जाऊन उतरले. माणूस वाईट नव्हता, हसतमुख होता. काका गाडी पोटातच सोडून धापा टाकत पोचले तेव्हा साहेब बाईंना सांगत होते, "इतकं समंजस गाव मी पाहिलं नाही. काय शिस्त आहे! रस्ता अरुंद आहे खरा, पण अडचण अशी कुठे दिसली नाही."

"साहेब, आज मोजक्या गाड्या आहेत," बाई म्हणाल्या. "उद्या शेकडो होतील."

"नवे लोक येतील ते तुमच्याकडून शिकतील की."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गप्प बसले असते तर काही बिघडलं नसतं, पण गप्प बसतील ते काका कसले! ते तावातावाने पुढे झाले. "साहेब, चुकलं! तुम्ही पुन्हा खाली जा आणि पुन्हा या. आम्ही तुम्हाला अडवणार होतो. तासभर अडवायचं ठरलं होतं. सगळं ठरलं होतं आमचं, विचारा या लोकांना!"

बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांचं हसू जरा आवरलं. "म्हणजे मुद्दाम अडवणार होता?"

"मग काय तर!"

झालं. पुढे मंजुरी आली, तिच्यासोबतच्या अहवालात दोन्ही गोष्टी आल्या. या रस्त्यावर स्थानिकांच्या सहकार्यामुळे वाहतूक सुरळीत चालते, हे एक. आणि कोंडी होते असा देखावा करायचा बेत होता, तो स्थानिकांनी स्वतःच कबूल केला, हे दुसरं. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला म्हणतात ना, तो काकांनी दोनदा मारला.

गावाने काकांना बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, काकांना भांडता तरी आलं असतं. उलट लोक म्हणायचे, "जाऊ द्या काका, कोणाकडूनही झालं असतं." ते ऐकलं की काकांना आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखं व्हायचं. वायरमन एकदा सहज बोलून गेला, "काका, मी किल्ली खिशात टाकून बसणार होतो बरं का." काकांनी त्याला शिव्या घातल्या नाहीत. तेव्हा काकूंना पहिल्यांदा भीती वाटली.

माळाला तारेचं कुंपण पडलं. गाई काही दिवस कुंपणाशी जाऊन उभ्या राहायच्या. मग गुरांचा व्यापारी ट्रक घेऊन आला. चांदी चढेना. काकूंनी पदर पुढे केला, पदराच्या मागे मागे ती फळीवर चढली. काकू खाली उतरल्या आणि सरळ घरात गेल्या.

थोड्या वेळाने बाहेर हंबरणं ऐकू आलं. काकू धावत दारात आल्या. ट्रक परत येत होता, पाठमोरा, हळूहळू, आणि फळीच्या वर चांदीचं पांढरं कपाळ दिसत होतं.

"आणल्या! अहो, परत आणल्या!" काकू ओरडल्या. "याने मन बदललं वाटतं!"

काका रस्त्यावर उभे होते. त्यांना दिसत होतं ते काकूंना दिसत नव्हतं. ट्रकसमोर सिमेंट कालवायची अवाढव्य गाडी होती, माळावर निघालेली. ट्रक पोटात घातला तरी शेजारून ती जाणारी नव्हतीच, म्हणून ट्रक पार गावापर्यंत मागे आला होता. गाडी वर गेली, धुरळा बसला, ट्रक पुन्हा खाली निघाला. काकू दारातच बसल्या. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

मग घरं झाली. सहाशे म्हणाले होते ती सहाशे झाली, आणि त्यात सहाशेंहून जास्त गाड्या आल्या. लोक वाईट नव्हते, सगळेच काही वाईट नसतात. पण नळीत समोर कोणी आलं की ते थांबून राहायचे आणि दिवे लुकलुकवायचे. मग हॉर्न. पहिल्यांदा हॉर्न वाजला तेव्हा भिंतीमागच्या घरातली म्हातारी कोणाला लागलं का म्हणून बाहेर आली होती. आता बाहेर कोणी येत नाही. गावातलेच मागे घेतात. पोट जवळ असो नसो, गावातल्यांनीच घ्यायचं, अशी नवी रीत पडली.

मेहुण्याने ट्रॅक्टर विकून टँकर घेतला, तो सोसायटीला पाणी पुरवतो. वायरमनला तिथलंच कंत्राट मिळालं. आणि काका? काका त्याच गाडीतून, डेअरीतलं पिशवीतलं दूध आणून, जिथे चांदी चरायची तिथे लिफ्टने चढून दारोदार ठेवतात. कोणी विचारलं तर म्हणतात, "काय करणार, पोट आहे." आवाज खाली गेलाय. चहा गार आला तरी पितात. काकू मुद्दाम गार देऊन बघतात, तरी पितात.

परवा संध्याकाळची गोष्ट. काकूंच्या गुडघेदुखीने उचल खाल्ली होती, डॉक्टर खाली हमरस्त्यावर. काकांनी त्यांना गाडीत बसवलं आणि निघाले. खालच्या पोटाच्या जरा अलीकडे पोचले, तोच समोरून एक मोठी काळी गाडी वर आली. पोट तिच्या अगदी मागे. दोन हात मागे घेतली असती तरी काम झालं असतं.

काळी गाडी थांबली. दिवे लुकलुकले. मग हॉर्न. मग काच खाली गेली आणि एक तरुण डोकावला. चांगला नीटनेटका, बोलायलाही गोड.

"काका, तुम्ही इथलेच ना? घ्या ना जरा मागे. आम्हाला नाही जमत रिव्हर्स, तुम्हा लोकांना सवय आहे."

काकांचा हात गिअरवर गेलाच होता. तो तिथे थांबला. मग काकांनी किल्ली फिरवली, गाडी बंद केली, आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

"अहो, हे काय?"

"पोट त्याच्या मागे आहे. त्याने घ्यायचं."

"त्याला काय ठाऊक?"

"ठाऊक नाही तर शिकू दे की. साहेब म्हणाले होते ना, शिकतील म्हणून!"

कितीतरी दिवसांनी काकांचा तो जुना आवाज निघाला. काकूंना गुडघ्याचा विसर पडला. गाल फुगवून बसलेल्या नवऱ्याकडे त्या बघत राहिल्या, आणि त्यांना खरंच बरं वाटलं.

पण एवढ्यात काळ्या गाडीमागे दुसरी गाडी येऊन चिकटली. तिच्यामागे तिसरी, मग शाळेची गाडी. आता तरुणाला मागे जायचं असतं तरी जागा नव्हती. तो खाली उतरला, फोनवर कोणाला तरी सांगू लागला, "कुणीतरी लोकल माणूस आहे, उगाच अडून बसलाय."

आणि मग मागून हॉर्न वाजला.

काकांनी आरशात पाहिलं. वायरमनची व्हॅन. त्यांचा पुतण्या, कोणी डोळे वटारले की विरघळणारा, हॉर्नवर तळहात दाबून बसला होता. त्याच्यामागे टँकर, टँकरवर मेहुणा, तोही वाजवत होता. त्यांच्यामागे सोसायटीच्या गाड्या, वळणापर्यंत.

"चला, घ्या हो मागे," काकू म्हणाल्या. "पुरे झालं. डॉक्टर निघून जातील."

काकांनी किल्ली काढली, गाडी सुरू केली, मागचे दिवे लावले. वाट पाहिली. पूर्वी दिवे लागले की मागची गाडी हलायची, तिच्यामागची हलायची, सांगावं लागत नव्हतं. व्हॅन हलली नाही. वायरमनने खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडला, "काका, मागे काय घेताय! पुढे व्हा ना, मला कॉल आलाय!"

"तू मागे घे रे!"

"मी का म्हणून? मागे टँकर आहे!"

काकांनी गाडी पुन्हा बंद केली. पुढे सरता येईना, मागे हटता येईना. दोन्ही बाजूंना छातीएवढ्या भिंती. हॉर्नचा असा गोंगाट उठला की काकूंनी कान झाकून घेतले. शाळेच्या गाडीतून मास्तरीणबाई उतरल्या होत्या. त्या काळ्या गाडीजवळ उभ्या होत्या, पण कोणाशी बोलत नव्हत्या. हमरस्त्यापर्यंत लागलेल्या रांगेकडे बघत होत्या, मग त्यांनी काकांकडे पाहिलं.

काकूंनी कानांवरचे हात काढले.

"त्या दिवशी एवढंच करायचं होतं हो," त्या म्हणाल्या. "नुसतं असं बसून राहायचं होतं."

काकांनी मान हलवली. मागून पुतण्याने पुन्हा हॉर्न दाबला, आणि या वेळी तो सोडलाच नाही.